सामाईक हौद आणि नवी विहीर

पुण्यांतील जुन्या वाड्यांच्या चौकांत एक सामाईक हौद असे. कात्रजच्या तलावाचें पाणी नळांनीं तेथपर्यंत येई आणि वाड्यांतील सारीं बिऱ्हाडें त्या एका हौदावर पाणी भरीत. हौद सर्वांचा असल्यानें पाण्यासाठीं कोणास दूर जावें लागत नसे, खर्च वांटला जाई आणि भांडणेंही थोडीं होत. परंतु हौद कांठोकांठ भरलेला असतां नवी विहीर खणण्याचा खटाटोप कोण करणार? आणि हौदाच्या दाराची किल्ली एकाद्या घराच्या हातीं गेली, तर बाकीच्यांनीं काय करावें?

एकाच धंद्यांतील अनेक कंपन्या आपापलीं पेटंटें एकत्र ठेवतात, तेव्हां नेमके हेच दोन प्रश्न उभे राहतात. अशा व्यवस्थेस ‘पेटंट पूल’ असें नांव आहे. यांतील पूल म्हणजे नदीवरचा पूल नव्हे. इंग्रजींतील त्या शब्दाचा येथें अर्थ सामाईक सांठा, म्हणजे आपला हौदच होय. असा हौद बांधल्यानें नव्या शोधांस चालना मिळते कीं ते खुंटतात, हा प्रश्न केवळ कारखानदारांचा नाहीं. शिवणयंत्रापासून औषधाच्या गोळीपर्यंत घरांत येणाऱ्या अनेक वस्तूंचा भाव आणि गुण या प्रश्नाच्या उत्तरावर ठरत आलेला आहे.

पेटंट हा समाज आणि संशोधक यांच्यामधील एक सौदा आहे. संशोधकानें आपल्या शोधाची रीत लपवून न ठेवतां ती सरकारदरबारीं सविस्तर लिहून द्यावी, आणि त्याबद्दल ठराविक मुदतीपर्यंत तो शोध वापरण्यापासून इतरांस रोखण्याचा हक्क त्यास मिळावा, असा हा व्यवहार होय. भारतांत आज ही मुदत अर्जाच्या तारखेपासून २० वर्षांची आहे. मुदत सरली कीं शोध सर्वांचा होतो. सौदा सरळ दिसतो. पण त्यांत एक खोंच आहे. पेटंट हा वस्तु बनविण्याचा परवाना नव्हे. तो दुसऱ्यास मनाई करण्याचा हक्क आहे. एखादें यंत्र पांच जणांच्या पांच शोधांनीं मिळून पुरें होत असेल, तर त्या पांचांपैकीं प्रत्येक जण उरलेल्या चौघांस अडवूं शकतो, परंतु स्वतः तें यंत्र बनवूं शकत नाहीं. जात्याची वरची तळी एकाच्या घरीं व खालची दुसऱ्याच्या घरीं असली, तर दळण कोणाचेंच होत नाहीं.

अशा अडवणुकीचें एक जुनें आणि ठळक उदाहरण अमेरिकेंतील शिवणयंत्राच्या धंद्यांत घडलें. मॅसॅच्युसेट्स प्रांतांतील एलायस हौ या कारागिरास १० सप्टेंबर १८४६ रोजीं शिवणयंत्राचें पेटंट मिळालें. हातानें शिवण्याच्या सुईचें नेढें मागच्या टोंकास असतें. हौ यांच्या यंत्रांतील सुईचें नेढें अणीजवळ होतें. सुईनें एक दोरा कापडापलीकडे नेला कीं त्याच्या फासांतून एक लहानसा धोटा दुसरा दोरा ओढून नेई, आणि दोन दोऱ्यांची मिठी बसून पक्का टांका पडे. शोध मोलाचा होता, पण यंत्र अपुरें होतें. आयझॅक सिंगर यांनीं १८५१ मध्यें पेटंट घेतलेल्या यंत्रांत सुई उभी वरखालीं होत असे आणि कापड सपाट पाटावर राही. ॲलन विल्सन यांनीं कापड टांक्याटांक्यानें पुढें सरकविण्याची युक्ति काढली. गृहिणीस आणि शिंप्यास हवें असलेलें यंत्र या साऱ्या कल्पना एकत्र आल्यावरच पुरें होणार होतें. आणि त्या कल्पनांचे धनी तर एकमेकांस कोर्टांत ओढीत होते.

हौ यांनीं सिंगर यांच्यावर भरलेल्या खटल्याचा शेवट होऊन सिंगर यांस पंधरा हजार डॉलर मोजावे लागले. पुढें सिंगर यांची कंपनी, व्हीलर आणि विल्सन यांची कंपनी व ग्रोव्हर आणि बेकर यांची कंपनी यांनीं परस्परांवर दावे लावले. १८५६ सालीं न्यूयॉर्क प्रांतांतील ऑल्बनी शहरीं अशाच खटल्यांच्या निमित्तानें सारे पक्ष जमले असतां, ग्रोव्हर आणि बेकर कंपनीचे अध्यक्ष व व्यवसायानें वकील असलेले ऑर्लँडो पॉटर यांनीं तडजोडीची सूचना मांडली. भांडण असेंच चाललें तर जिंकणाराही बुडेल. त्यापेक्षां सर्वांनीं आपलीं पेटंटें एकत्र करावीं, असें तिचें सार होतें. ती मान्य झाली. परवाना घेणाऱ्या प्रत्येक कारखानदारानें यंत्रामागें पंधरा डॉलर द्यावे असें ठरलें. त्यांतून हौ यांना अमेरिकेंत विकल्या जाणाऱ्या यंत्रामागें पांच आणि परदेशीं जाणाऱ्या यंत्रामागें एक डॉलर मिळे. कांहीं रक्कम बाहेरच्यांवरील खटल्यांसाठीं राखून ठेवली जाई आणि उरलेली सभासदांत वांटली जाई. निदान चोवीस कारखानदारांस परवाने द्यावेत, अशी अट हौ यांनीं घातली होती. ज्या काळांत चांगलें यंत्र शंभर डॉलरांच्या आसपास विकलें जाई, त्या काळांत पंधरा डॉलर ही लहान रक्कम नव्हती. १८६० मध्यें ती सातांवर आली. हा हौद १८७७ सालीं त्यांतील शेवटच्या महत्त्वाच्या पेटंटाची मुदत संपेपर्यंत टिकला.

वरवर पाहतां सारें मंगल झालें. आपसांतले खटले थांबले, कारखाने वाढले, आणि सिंगर कंपनीनें हप्त्यांनीं विक्री सुरू केल्यामुळें मध्यम स्थितींतील घरांतही यंत्र येऊं लागलें. पण या काळांत यंत्र किती सुधारलें? या प्रश्नाचें उत्तर रायन लॅम्पे व पेट्रा मोझर या अर्थशास्त्रज्ञांनीं जुनीं दप्तरें तपासून शोधिलें आणि २०१० सालीं प्रसिद्ध केलें. त्यांस असें आढळलें कीं, करारापूर्वीं शिवणयंत्रावरील पेटंटांची संख्या वाढत होती, करार झाल्यावर ती घटली आणि करार संपल्यावर पुन्हां चढली. केवळ पेटंटें मोजून ते थांबले नाहींत. यंत्र मिनिटास किती टांके घालतें, हें खरें माप त्यांनीं घेतलें. तो वेगही कराराच्या वर्षांत मंद गतीनें वाढला आणि १८७७ नंतर वाढीनें पुन्हां जोर धरिला. यंत्राच्या किंमतीही त्या वर्षानंतर झपाट्यानें उतरल्या.

असें कां व्हावें? एक कारण हौदाच्या आंत होतें व दुसरें बाहेर. आंतल्यांस पंधरा डॉलरांतील वांटा घरबसल्या मिळत होता. जीवघेणी स्पर्धा उरली नव्हती. बाहेरच्यांची स्थिति याच्या उलट होती. पूर्वीं नव्या कारखानदारास एकेका पेटंटधाऱ्याशीं गांठ घालावी लागे. आतां साऱ्यांची थैली आणि साऱ्यांचे वकील एकवटून त्याच्यासमोर उभे राहिले. त्या भीतीनें अनेक संशोधकांनीं आपली बुद्धि दुसऱ्याच वाटेस लावली. हौदाबाहेर मोकळी राहिलेली वाट सांखळी-टांक्याची होती. एका दोऱ्याचा सांखळी-टांका कसा असतो, हें शिवणकाम करणाऱ्या प्रत्येकीस ठाऊक आहे: एक टांका तुटला कीं सारी शिवण ओळीनें उसवत जाते. म्हणजे नव्या विहिरी खणल्याच गेल्या नाहींत असें नव्हे. ज्या खणल्या गेल्या त्या मचूळ पाण्याच्या जागीं.

यावर कोणी म्हणेल कीं, एका धंद्यावरून सर्वांची परीक्षा करूं नये. आक्षेप रास्त आहे. म्हणूनच त्याच दोघां अभ्यासकांनीं १९३० नंतरच्या दशकांत अमेरिकेंत झालेल्या अशा करारांचा, निरनिराळ्या वीस धंद्यांतील, हिशेब मांडला. मंदीच्या त्या काळांत सरकारनें मक्तेदारीविरोधी कायद्याची पकड सैल केली होती. तेथेंही त्यांस दिसलें तें हेंच कीं, हौद बांधल्यानंतर त्या विषयावरील नवीं पेटंटें कमी झालीं.

मग हौद बांधूंच नयेत काय? या प्रश्नास होकार देण्यापूर्वीं नभोवाणीच्या जन्माची कथा ध्यानांत घेतली पाहिजे. जॉन अँब्रोज फ्लेमिंग यांनीं १९०४ सालीं इंग्लंडांत दोन अग्रांचा व्हॉल्व्ह, म्हणजे एक निर्वात कांचनळी, शोधून काढला. त्याचें पेटंट मार्कोनी कंपनीकडे होतें. अमेरिकेंत ली डी फॉरेस्ट यांनीं त्या नळींत तिसरें अंग, तारेची एक जाळी, बसविली. या जाळीमुळें दुरून आलेला क्षीण संदेश अनेक पटींनीं वाढवितां येऊं लागला, आणि नभोवाणीचा सारा डोलारा पुढें तिच्यावरच उभा राहिला. परंतु १९१६ सालीं न्यूयॉर्कच्या न्यायालयांत असें ठरलें कीं, डी फॉरेस्ट यांची नळी फ्लेमिंग यांच्या पेटंटाचा भंग करते. आणि मार्कोनी कंपनीसही डी फॉरेस्ट यांची जाळी वापरण्यास मनाई झाली. परिणाम असा झाला कीं, त्या वेळची सर्वांत उपयुक्त नळी दोघांपैकीं कोणासही कायद्यानें बनवितां येईना. जात्याच्या दोन तळ्या दोन घरीं पडल्या.

१९१७ मध्यें अमेरिका युद्धांत उतरली तेव्हां नौदलास अशा नळ्या तांतडीनें हव्या होत्या. सरकारनें पेटंटाच्या दाव्यांची जबाबदारी स्वतःवर घेतली आणि कारखाने चालूं झाले. युद्ध संपतांच जुनी अडचण पुन्हां डोकें वर काढणार हें उघड होतें. १९१९ च्या ऑक्टोबरांत जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या पुढाकारानें रेडिओ कॉर्पोरेशन ऑफ अमेरिका ही संस्था निघाली. अमेरिकेंतील मार्कोनी कंपनीची मालमत्ता तिच्याकडे आली, आणि १९२१ पर्यंत दूरध्वनीची मोठी कंपनी व वेस्टिंगहाउस याही परस्परांस परवाने देऊन त्यांत सामील झाल्या. हौद बांधला गेला म्हणून नळी बनली, आणि नळी बनली म्हणून घरोघर आवाज पोहोंचला. पण पुढें त्याच हौदास कुलूप लागलें आहे अशी तक्रार वाढली. १९३० मध्यें अमेरिकन सरकारनें मक्तेदारीविरोधी खटला भरला, आणि १९३२ च्या नोव्हेंबरांतील समेटानें जनरल इलेक्ट्रिक व वेस्टिंगहाउस यांस त्या संस्थेपासून वेगळें व्हावें लागलें.

हौदाचें कुलूप किती घट्ट असूं शकतें, हें त्याच देशांतील कांचेच्या बाटल्यांच्या धंद्यानें दाखविलें. वितळलेली कांच आपोआप सांच्यांत सोडणाऱ्या यंत्रांचीं सहाशेंहून अधिक पेटंटें हार्टफर्ड-एम्पायर ही कंपनी व तिचे सहकारी यांनीं एकत्र केलीं होतीं. १९३८ सालीं अमेरिकेंत बनणाऱ्या कांचेच्या बाटल्या-बरण्यांपैकीं शेंकडा ९४ या मंडळींच्या परवान्याखालील यंत्रांवर निघत होत्या. कोणत्या कारखान्यानें दुधाच्या बाटल्या कराव्या, कोणीं फळें टिकविण्याच्या बरण्या कराव्या आणि कोणीं किती माल काढावा, हें परवान्याच्या अटी ठरवीत. येथें पेटंटें एकत्र आलीं तीं अपुरें यंत्र पुरें करण्यासाठीं नव्हेत, तर बाहेरच्या कोणास नवें यंत्र उभें करतां येऊं नये यासाठीं. १९४५ सालीं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें ही व्यवस्था मक्तेदारीविरोधी कायद्याचा भंग करणारी ठरविली.

या अनुभवांतून कायदेपंडितांनीं एक विवेक शिकला. एकमेकांस पुरक अशीं पेटंटें आणि एकमेकांशीं स्पर्धा करणारीं पेटंटें यांत भेद केला पाहिजे. नळी आणि जाळी हीं पुरक होत. एकीवांचून दुसरी निरुपयोगी. तीं एकत्र आल्यानें वस्तु जन्मास येते. परंतु बाटली बनविण्याचीं दोन भिन्न यंत्रें हे एकमेकांचे प्रतिस्पर्धी होत. तीं एका हातांत आलीं कीं गिऱ्हाइकाची निवड नाहींशी होते. १९९७ सालीं चलच्चित्रें संक्षिप्त करून पाठविण्याच्या एमपेग-२ या पद्धतीसाठीं अनेक कंपन्यांनीं व एका विद्यापीठानें मिळून हौद बांधला, तेव्हां अमेरिकेच्या न्याय खात्यानें हाच भेद लक्षांत घेऊन त्यास आक्षेप नसल्याचें कळविलें. अत्यावश्यक पेटंटेंच आंत यावींत, तीं कोणतीं हें स्वतंत्र तज्ज्ञानें पाहावें, परवाना मागणाऱ्या प्रत्येकास सारख्या अटींवर मिळावा, आणि एखाद्यास एकाच धन्याशीं वेगळा सौदा करावयाचा असल्यास तशी मोकळीक असावी, असें त्या योजनेचें स्वरूप होतें.

या विवेकाची सर्वांत मोठी कसोटी यंत्रांत नव्हे, तर औषधांत लागली. आणि तींत मुंबईचा हात आहे. एड्सच्या रोग्यास तीन औषधें मिळून दिलीं तर तो जगतो, हें १९९६ च्या सुमारास सिद्ध झालें. पण तीन औषधांचे पेटंटधारी निरनिराळे होते, आणि पाश्चात्य देशांत वर्षाचा खर्च रोग्यामागें दहा हजार डॉलरांच्या वर जाई. आफ्रिकेंतील लक्षावधि रोग्यांस हा आंकडा म्हणजे मृत्यूचेंच फर्मान होतें. भारतांत १९७० च्या कायद्यान्वयें औषधाच्या पदार्थावर पेटंट मिळत नसे, केवळ तें बनविण्याच्या रीतीवर मिळे. त्यामुळें मुंबईच्या सिप्ला कंपनीस तिन्ही औषधें एका गोळींत घालतां आलीं, आणि २००१ च्या फेब्रुवारींत तिचे प्रमुख युसुफ हमीद यांनीं ती सेवाभावी डॉक्टरांच्या संस्थेस वर्षास ३५० डॉलर, म्हणजे दिवसास एका डॉलरहून कमी दरानें देऊं केली. दिवसांतून दोन वेळां एकच गोळी घ्यावयाची, ही सोय रोग्यास मिळाली ती तीन घरांच्या भिंती येथें आड आल्या नाहींत म्हणून.

१ जानेवारी २००५ पासून आंतरराष्ट्रीय करारानुसार भारतांतही औषधाच्या पदार्थावर पेटंट मिळूं लागलें. भिंती उभ्या राहिल्या, तेव्हां दाराची गरज लागली. २०१० सालीं जिनीव्हा येथें मेडिसिन्स पेटंट पूल ही संस्था स्थापन झाली. कंपन्यांनीं औषधांचीं पेटंटें तिच्याकडे परवान्यासाठीं द्यावींत, आणि तिनें तीं अनेक कारखान्यांस माफक मोबदल्यावर उपलब्ध करावींत, अशी तिची रचना आहे. २०११ मध्यें गिलियड ही कंपनी तींत आली. २०१४ मध्यें डोल्युटेग्राव्हिर या नव्या व गुणकारी औषधाचा परवाना मिळाला. भिन्न कंपन्यांच्या औषधांची एकत्र गोळी पुन्हां बनूं लागली, आणि २०१७ सालीं झालेल्या करारान्वयें ती गरीब देशांस वर्षाला सुमारें ७५ डॉलरांत मिळूं लागली. लहान मुलांसाठीं याच औषधाची पाण्यांत विरघळणारी गोळी निघाली, तेव्हां मूळ कंपनीच्या गोळीस अमेरिकेंत मान्यता मिळाल्यानंतर २०२० सालाच्या आंतच दुसऱ्या कारखान्याच्या स्वस्त गोळीसही प्राथमिक मान्यता मिळाली.

येथेंही सारें निर्दोष आहे असें नाहीं. ब्राझीलसारखे मध्यम उत्पन्नाचे कांहीं देश आरंभींच्या परवान्यांच्या यादींतून वगळले गेले, आणि तेथील रोग्यांस हौद दिसत असूनही पाणी मिळालें नाहीं. पण या हौदाचा आणि ऑल्बनीच्या हौदाचा फरक ध्यानांत घेण्यासारखा आहे. ऑल्बनीचा हौद पेटंटधाऱ्यांनीं स्वतःसाठीं बांधला होता. त्याची किल्ली त्यांच्याच कनवटीस होती. जिनीव्हाच्या हौदाची राखण करणारा स्वतः औषध विकीत नाहीं. पाणी भरणाऱ्यांची संख्या वाढली कीं त्याचें काम साधतें.

तेव्हां कंपन्यांनीं पेटंटें एकत्र केल्याची वार्ता कानीं आली, कीं जाणत्या नागरिकानें तीन गोष्टी विचाराव्या. हौदांत आलेलीं पेटंटें मिळून एक वस्तु पुरी होते कीं दोन प्रतिस्पर्धी एका छत्राखालीं लपतात? पाणी भरावयास येणाऱ्या प्रत्येकास दार सारख्या अटीवर उघडें आहे काय? आणि कोणीं नवी विहीर खणूं लागला तर त्याच्यावर साऱ्यांनीं मिळून खटला भरावा, असा कांहीं बेत आंत शिजत आहे काय? पहिल्या दोन प्रश्नांचीं उत्तरें समाधानकारक असलीं म्हणजे वस्तु आज स्वस्त मिळेल. तिसऱ्याचेंही तसेंच असलें, तरच ती उद्यां अधिक चांगली होईल. शिवणयंत्राच्या गिऱ्हाइकांस या तिसऱ्या प्रश्नाचें उत्तर मिळण्यास एकवीस वर्षें थांबावें लागलें; औषधाच्या रोग्यास तितकी सवड नसते.